पाथरवटाचे अंगण

मानवतच्या शिवारात विहीर खणली, तर आधी काळी माती लागते. मग मुरूम लागतो. त्याखाली काळा खडक लागतो. ही काळी माती ह्याच खडकाची झालेली आहे. ऊन, पाऊस आणि वारा ह्यांनी हजारो वर्षे खडक झिजवला, त्याची ही माती. मातीत आपला कापूस पिकतो. खडकात आपले जाते, पाटा, उखळ आणि देव घडतात.

हा खडक आला कुठून? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या. आतला तापलेला रस वर आला. तो थरावर थर पसरला आणि निवून दगड झाला. शास्त्रात त्याला बेसाल्ट म्हणतात. आपण काळा पाषाण म्हणतो.

हा पाषाण मोठा चिवट. पण मेहनती माणसाने त्याला मेणासारखा केला. जिंतूर तालुक्यात चारठाण्याला जा. तिथली जुनी देवळे आणि खांब पाहा. औंढा नागनाथाचे देऊळ पाहा. औंढा पूर्वी आपल्याच परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ते तिकडे गेले. वेरूळचे कैलास लेणे तर आठव्या शतकातले, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला ह्याच्या वेळचे. अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणला आणि त्यातून देऊळ मोकळे केले.

ही कामे करणारे हात तुमच्या-आमच्यासारख्या माणसांचेच. आजही कितीतरी पाथरवट आणि वडार बांधव घराच्या अंगणात बसून दगड घडवतात. कुणी पाटा-वरवंटा करतो, कुणी खलबत्ता करतो. कुणी तुळशीवृंदावन, तर कुणी मारुतीची मूर्ती करतो. आता नवी तरणी मुलेही हे काम शिकू पाहतात. चांगली गोष्ट आहे.

ह्या पाठात दगड कसा कोरावा हे आम्ही सांगणार नाही. ती विद्या गुरूजवळ बसून हातानेच शिकावी. आम्ही सांगणार आहोत ते एवढेच, की अंगणात दगडकाम करायचे तर जागा कशी करावी.

तुम्ही म्हणाल, मास्तर, त्यात सांगण्यासारखे काय आहे? लिंबाखाली पोते टाकले, टाकी घेतली आणि बसले. आजा-पणजा असाच बसत होता.

खरे आहे. पण आजाच्या हातात टाकी होती. नातवाच्या हातात विजेचे यंत्र आले आहे. टाकीने दगडाची कपची उडते. ती जड असते, लगेच खाली पडते. यंत्राची चकती दगडाचे पीठ करते. ते पीठ खाली पडत नाही. ते हवेत तरंगते आणि श्वासाबरोबर आत जाते. धूळ टाकीच्या कामातही होती, पण यंत्राने ती कितीतरी पटीने वाढली. म्हणून जागा करताना पहिला विचार धुळीचा करायचा.

धूळ काय करते?

आमचा जन्म खडू आणि फळा ह्यांत गेला. वर्गात खिडकीतून उन्हाची तिरीप आली, की तीत खडूची धूळ नाचताना दिसे. मुले ती पकडायला जात. पण जी धूळ डोळ्यांना दिसते, ती बहुतेक नाकातच अडते. शिंकेबरोबर, शेंबडाबरोबर ती बाहेर पडते. खरी वाईट धूळ दिसतच नाही. तिचा कण माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक असतो. तो नाकातून घशात, घशातून छातीत आणि थेट फुप्फुसाच्या तळाशी जातो.

आता गारगोटी तुम्हांला माहीत आहे. चकमक झाडायची ती पांढरी गार. गारगोटी ज्या पदार्थाची असते त्याला सिलिका म्हणतात. ह्या सिलिकेची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसली, की तिथे वण पडतात. भाजलेली कातडी जशी कडक होते, तसे फुप्फुस कडक होऊ लागते. मग ते पुरते फुगत नाही. माणसाला दम लागतो. ह्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात.

हा रोग बहुधा पुष्कळ वर्षांनी दिसतो. पण धूळ फार असली, तर थोड्या वर्षांतही माणूस निकामी होतो. एकदा पडलेले वण पुसून टाकणारे औषध नाही. सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षयरोग लवकर धरतो. जगातल्या तज्ज्ञांनी १९९७ साली असेही ठरवले, की ह्या धुळीने फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो.

सगळ्या दगडांत सिलिका सारखी नसते. आपल्या काळ्या पाषाणात मोकळी सिलिका फार थोडी असते. हे आपले नशीब. पण नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडे ग्रॅनाइट लागतो, त्यात ती पुष्कळ असते. राजस्थानातून येणारा गुलाबी-तांबडा वाळूचा दगड तर बहुतेक तिचाच बनलेला असतो. आजकाल गिऱ्हाईक असे दगडही मागते. म्हणून पाथरवटाने आधी विचारावे, हा दगड कोणता, कुठला? आणि काळा पाषाण असला तरी त्याची धूळ म्हणजे काही अंगारा नव्हे. तीही छातीत घेऊ नये.

राजस्थानात सिरोही जिल्ह्यात पिंडवाडा नावाचे गाव आहे. तिथले कारागीर देवळांचे दगड घडवतात. त्यांचे खांब आणि कमानी दूरदूरच्या देवळांत लागल्या आहेत. पण यंत्राच्या धुळीने तिथल्या कितीतरी तरुण कारागिरांना सिलिकोसिस झाला. शेवटी २०१९ साली राजस्थान सरकारला ह्या रोगासाठी वेगळे धोरण करावे लागले. देऊळ उभे राहते आणि देऊळ घडवणारा आडवा होतो, असे होऊ नये.

जागा कुठे धरावी?

एक काठी रोवा. तिच्या टोकाला चिंधी बांधा. चार-आठ दिवस सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी चिंधी कुठे उडते ते पाहा. आपल्याकडे पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. हिवाळ्यात तो उत्तरेकडून किंवा पूर्वेकडून येतो. पण गल्ली-बोळात, भिंतीच्या आडोशाला वारा वळण घेतो. म्हणून पुस्तकावर विसंबू नका, चिंधीला विचारा.

जिथून वारा घराकडे जातो, ती जागा सोडा. चूल, पाण्याचा रांजण, गोठा, पोरांची खेळायची जागा, शेजाऱ्याचे दार, ह्यांकडे धूळ जाता कामा नये. शेजाऱ्याशी आधीच बोलून घ्यावे. ठोकण्याचा आवाजही त्याला सोसायचा असतो. सकाळी किती वाजता काम सुरू करायचे, हे दोघांनी ठरवले तर पुढची भांडणे वाचतात.

आणखी एक खुबी आहे. बसताना वारा आपल्या बाजूने यावा. तोंडावर वारा घेतला, तर धूळ सरळ नाकात येते, हे कुणालाही कळते. पण पाठीवर वारा घेणेही बरे नाही. वारा पाठीला अडतो आणि अंगाला वळसा घालून पुढे येतो. मग तोंडापुढे त्याची भोवरी होते. त्या भोवरीत धूळ तोंडापाशीच फिरत राहते. डाव्या किंवा उजव्या अंगाने वारा आला, की तो धूळ घेऊन निघून जातो.

जमीन कशी करावी?

एका माणसाला दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद जागा पुरते. पण आपली जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. अशा जमिनीवर जड दगड ठेवला तर तो आज एकीकडे कलतो, उद्या दुसरीकडे. कललेला दगड कधी पायावर येईल त्याचा नेम नाही.

म्हणून फूट-दीड फूट काळी माती काढून टाका. ती शेतात घाला, वाया जाणार नाही. खड्ड्यात दगडाच्या कपच्या भरा, वर मुरूम टाका, पाणी मारा आणि धुमसाने ठोका. थर थोडा थोडा घालावा आणि दरवेळी ठोकावा. एका बाजूला हलकासा उतार ठेवा. उताराच्या टोकाला एक लहान खड्डा करा. धुळीचे पाणी त्या खड्ड्यात जाईल आणि गाळ तळाशी बसेल. हा गाळ नालीत सोडू नये. तो सुकला की सिमेंटसारखा घट्ट बसतो आणि नाली तुंबते. गाळ ओला असतानाच काढावा आणि खोल खड्ड्यात पुरावा. सुकू दिला तर त्याची पुन्हा धूळ होते.

शेणाने सारवलेल्या जमिनीवर दगडकाम करू नये. कपच्या सारवणात रुततात आणि अनवाणी पायात भरतात.

सावली कशी करावी?

मे महिन्यात आपल्या भागात पारा ४२ अंशांच्या वर जातो. काळा दगड उन्हात तव्यासारखा तापतो. सावली पाहिजेच. लिंबाचे झाड असेल तर फारच उत्तम. नसेल तर चार मेढी रोवून मांडव घाला. वर तुराट्या किंवा पऱ्हाट्या पसरा. आठ-नऊ फूट उंची असावी. नुसता पत्रा घातला तर खाली भट्टी होते. पत्राच असेल तर त्यावर तुराट्यांचा थर द्या.

मांडवाच्या चारही बाजू मोकळ्या ठेवा. ऊन लागते म्हणून भिंत घालावी, पडदे लावावेत, असे वाटते. तसे करू नका. भिंत आली की वारा अडतो, आणि वारा अडला की धूळ कोंडते. बाहेर काम करण्याचा सगळा फायदा मग गेला. ऊन फार असेल तर सकाळी आणि दिवस कलल्यावर काम करावे. दुपार विसाव्याला ठेवावी.

दगड कशावर ठेवावा?

एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच काळा दगड घ्या. त्याचे वजन ८० किलोंपेक्षा जास्त भरते. म्हणजे एका भरल्या माणसाहून जड. तो एकट्याने कमरेत वाकून उचलू नये. खाली लाकडाचे गोल रूळ घालावेत आणि पहारीने ढकलत न्यावा.

पाटा किंवा जाते करायचे तर दगड जमिनीवरच बरा. पण मूर्तीसाठी दगड उंच पाहिजे. बाभळीचा जाड ओंडका घ्या. तो दोन फूट जमिनीत गाडा आणि भोवती मुरूम ठोका. ओंडक्याची उंची अशी ठेवा, की उभे राहिल्यावर कामाची जागा कोपराच्या जरा खाली येईल. फार खाली असली तर कंबर धरते. फार वर असली तर खांदा भरतो आणि कपच्या तोंडावर येतात.

ओंडक्यावर वाळूने अर्धे भरलेले पोते टाका आणि त्यावर दगड ठेवा. वाळू दगडाला धरून ठेवते. दगड हलत नाही, उसळत नाही. टाकीचा घाव वाया जात नाही. नुसत्या लाकडावर दगड नाचतो आणि एखादे वेळी नको तिथे तडकतो.

दगड चढवण्याआधी त्याची पारख करा. हातोडीने हळूच वाजवा. खणखणीत आवाज आला तर दगड सलग आहे. बद्द आवाज आला तर आत चीर असेल. मग दगड पाण्याने भिजवा आणि सुकू द्या. चिरेत पाणी मुरते, म्हणून चिरेची रेघ सर्वांत शेवटी सुकते. ती ओली रेघ डोळ्यांना दिसते. महिनाभर राबून मूर्तीचा हात तुटण्यापेक्षा, आधी एक घागर पाणी खर्च झालेले काय वाईट?

पाणी आणि झाडू

धुळीवर पाण्यासारखा उपाय नाही. टाकीचे काम असेल तर दगडावर आणि जमिनीवर मधून मधून पाणी शिंपडा. ओली धूळ उडत नाही. आपल्याकडे पाण्याची टंचाई असते, हे आम्हांला ठाऊक आहे. पण ह्या कामाला पिण्याचे पाणी नको. भांडी धुतलेले पाणीही चालते.

कोरडा झाडू मात्र कधी मारू नये. दिवसभर खाली बसलेली धूळ झाडू पाच मिनिटांत पुन्हा उठवतो, आणि ती झाडणाऱ्याच्या छातीत जाते. झाडणारी बहुधा घरातली बाई असते. तिने टाकी धरलेली नसते, पण धुळीचा वाटा तिला मिळतो. म्हणून आधी पाणी शिंपडावे आणि मग ओले भरून घ्यावे. हे काम ज्याने धूळ केली, त्यानेच करावे.

हत्यारे आणि यंत्र

टाकी, छिन्नी, हातोडा, सुतकी, गुण्या आणि ओळंबा ह्यांची जागा ठरलेली असावी. एक फळी ठोकावी आणि हत्यारे तिच्यावर ठेवावीत. जमिनीवर पडलेली छिन्नी पायाखाली येते.

ठोकून ठोकून छिन्नीचे डोके पसरते आणि त्याला फुलासारख्या कडा येतात. ह्या कडांचे तुकडे गोळीसारखे उडतात. कडा वेळच्या वेळी घासून काढाव्यात. धार गेली तर लोहाराकडून शेवटून घ्यावी आणि पाणी द्यायला सांगावे.

विजेचे यंत्र घेतले असेल तर चार गोष्टी नीट ध्यानात ठेवा. चकतीवरचे लोखंडी झाकण काढू नका. तारेला जोड देऊ नका. घरच्या विजेला चांगली आर्थिंग असू द्या, आणि वीज गळताच प्रवाह तोडणारे बटण वायरमनकडून बसवून घ्या. चौथी गोष्ट अशी, की साध्या यंत्रावर पाणी ओतू नका, शॉक बसेल. पाणी सोडण्याची सोय मुळातच केलेली यंत्रे मिळतात. ओल्या कामाला तीच वापरावीत. आणि जे काम टाकीने होते, ते टाकीनेच करावे. यंत्राने वेळ वाचतो, पण धूळही तितकीच वाढते.

डोळे, कान आणि नाक

डोळ्यांना बाजूने झाकलेला चष्मा पाहिजे. कपची एकदाच डोळ्यात जाते, पण जन्माची आठवण ठेवून जाते. पायात बूट किंवा जाड जोडा पाहिजे. यंत्राचा आवाज कानाला मारक आहे. मानवत ही कापसाची पेठ असली, तरी कानात कापसाचा बोळा घालून भागत नाही. त्यातून आवाज आत जातो. कानात घालायची रबरी बुचे दुकानात मिळतात, ती घ्यावीत.

नाकाला आपण उपरणे बांधतो. उपरण्याने मोठी धूळ अडते. बारीक धूळ त्याच्या विणीतून सरळ आत जाते, जशी चाळणीतून मैदा जातो. २०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा एन-९५ नावाची मुखपट्टी आपण सर्वांनी पाहिली. ती चांगली. पण ती गालाला चहूकडून घट्ट बसली पाहिजे. दाढी वाढलेली असेल तर फट राहते आणि धूळ फटीतून जाते. मुखपट्टी मळली, ओली झाली किंवा श्वास जड वाटू लागला, की बदलावी. ती धुऊन वापरू नये.

कामाचे कपडे वेगळे ठेवावेत. ते झटकू नयेत, बादलीत भिजवून धुवावेत. काम संपले की हात-तोंड धुवावे, अंघोळ करावी, आणि मगच लेकराला कडेवर घ्यावे. बाप घरी आला की लेकरू येऊन मिठी मारते. बापाच्या सदऱ्यावरची धूळ तेव्हा कुणाच्या नाकात जाते, ह्याचा विचार करा.

डॉक्टरला धंदा सांगा

आता शेवटची आणि फार महत्त्वाची गोष्ट. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला, चढण चढताना पूर्वी लागत नव्हता असा दम लागू लागला, वजन उतरू लागले, तर घरी बसू नका. सरकारी दवाखान्यात जा. क्षयरोगाची तपासणी आणि औषधे तिथे फुकट मिळतात.

पण नुसते "खोकला आहे" असे म्हणून थांबू नका. "मी इतक्या वर्षांपासून दगडाचे काम करतो" हे स्वतः होऊन सांगा. सिलिकोसिस आणि क्षयरोग ह्यांची लक्षणे सारखी दिसतात. धंदा कळला नाही, तर डॉक्टरला दुसऱ्या रोगाची शंका येत नाही. मग माणूस क्षयाच्या गोळ्या घेत राहतो, आणि बरे वाटले की पुन्हा त्याच धुळीत जाऊन बसतो. धंदा कळला, तर डॉक्टर छातीचा फोटो त्या नजरेने पाहतो. रोग लवकर कळला आणि धूळ थांबली, तर पुढची झीज पुष्कळ आवरता येते.

आपल्यात म्हण आहे, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. ही म्हण दगडासाठी आहे. घाव दगडाने सोसावेत. कारागिराने आपली छाती झिजवून देव घडवावा, असे ती सांगत नाही.

ह्या जागेला पैसा फार लागत नाही. मुरूम, ओंडका, वाळूचे पोते, तुराट्यांचा मांडव आणि पाण्याची घागर एवढे तर गावातच मिळते. चष्मा आणि मुखपट्टी तेवढी विकत घ्यावी लागते. तेव्हा उद्या सकाळी पहिले काम करा. अंगणात एक काठी रोवा, तिला चिंधी बांधा, आणि वारा कुठून कुठे जातो ते घरातल्या सर्वांना दाखवा.